सात औट किती?

आधी चपला काढा. मोबाइल ठेवून द्या, घड्याळही. पाकीट बरोबर घेतलंत तरी चालेल, पण त्यातली एकही नोट तिथं कुणी घेणार नाही. आता डोळे मिटा आणि उघडा.

पायाखाली मऊ, गार लागतंय ना? ती शिनोलीच्या रस्त्यावरची धूळ. गार आहे म्हणून हुरळू नका. अकरा वाजले की हीच चटके देणार आहे. साल १९५७, महिना एप्रिल, दिवस नुकता वर आलाय. घोडेगावाकडून आलेला कच्चा रस्ता गावावरून पुढं पश्चिमेला, डोंगरात, भीमाशंकराच्या दिशेनं गेलाय. डिंभ्याचं धरण अजून व्हायचंय. त्यामुळं वरच्या अंगाला जुनं आंबेगाव पाण्याबाहेर आहे, तिथं चुली पेटताहेत आणि घोड नदीत उन्हाळ्यात असावं तेवढंच पाणी आहे: एखादा डोह, बाकी दगडगोटे. शेणानं सारवलेल्या अंगणांचा ओला वास, गोवऱ्यांचा धूर, रात्रभर दावणीला बांधलेल्या बैलांच्या मुताचा उग्र दर्प. नाक मुरडू नका. दहा मिनिटांत तो वास यायचा बंद होतो.

तुमचं वय आता दहा. पोरगा व्हायचं की पोरगी, ते तुमच्यावर. पोरगा झालात तर मागं ठिगळ लावलेली चड्डी आणि मळकी टोपी. पोरगी झालात तर परकर-पोलकं आणि कडेवर धाकटं भावंड. ते शाळेतही बरोबर येणार, मधेच रडणार, आणि चौथीनंतर तुमची शाळा बहुतेक बंद होणार. घरातल्या पायलीभर दाण्यांचा हिशेब मात्र जन्मभर तुम्हीच ठेवणार.

तो गलका ऐकू येतोय? शाळा भरली. उन्हाळ्याची सकाळची शाळा, उन्हं तापायच्या आत सुटणारी. एक खोली, एक मास्तर, चार इयत्ता. वाकून आत या, चौकट बुटकी आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत कान काम करतील. पहिली ‘बे एके बे, बे दुणे चार’ ओढून ओढून म्हणतेय. दुसरी बाराच्या पाढ्यात आहे. तिसरी पावकीवर, म्हणजे पाव-पावाच्या पाढ्यावर. आणि चौथी, म्हणजे तुम्ही, औटकीवर. चारही इयत्ता एकाच वेळी, चार वेगळ्या चालींत, घसा ताणून. तरी कुणाचा पाढा कुणात मिसळत नाही. अंगं मागंपुढं डुलताहेत. तुमचंही डुलायला लागलंय, बघा. न डुलता म्हणायचा प्रयत्न करा, सहाव्या घरात अडकाल.

गोणपाटाच्या तुकड्यावर बसा. हा घरून आणायचा असतो. तुम्ही आणला नाहीत म्हणून शेजारच्या पोरानं आपला अर्धा सरकवलाय. त्याच्या डोक्याला करडईच्या तेलाचा वास येतो, पाटीला थुंकीचा. पाटी दगडी, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेला. पुसायला ओलं फडकं आणायचं असतं, ते कुणीच आणत नाही. पेन्सिल तिरकी धरली की ती अशी किरकिरते की दातांच्या मुळाशी झिणझिण्या येतात. शेजारी ती मुद्दाम तिरकी धरतो.

“ए नव्या! ऊठ. सात औट?”

मास्तर तुमच्याकडं बघताहेत. फायनल पास झालेले, पुण्याहून ट्रेनिंग करून आलेले, इस्त्री नसलेला पण स्वच्छ कोट घातलेले. तुम्ही मनात हिशेब सुरू करता. औट म्हणजे साडेतीन. सात त्रिक एकवीस. सात अर्धे साडेतीन. एकवीस आणि साडेतीन...

“साडेचो—”

छडी पडली. तळहातावर आधी काहीच वाटत नाही, मग एकदम आग. उत्तर बरोबर होतं हो, पण ते यायला जो वेळ गेला त्याची ही शिक्षा आहे. इथं विचार करून उत्तर देणं म्हणजे पाठ नसणं. शेजाऱ्याला विचारलं, तो डोळे मिटून धाडधाड पूर्ण औटकी म्हणून मोकळा: बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, थेट दहा औट पस्तीसपर्यंत. एकदाही अडखळला नाही.

खाली बसल्यावर त्याच्या कानात हळूच विचारा, “औट म्हंजे काय रं?”

तो तुमच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघतो. “औट म्हंजे औट.”

“आन् सात औट साडेचोवीसच का?”

“पाडाच हाय तसा.”

झालं. तुमच्या काळातले शिक्षणतज्ज्ञ इथं असते तर वहीत ‘घोकंपट्टी’ असं लिहून, त्याखाली दोन रेघा मारून परत निघाले असते. तुम्हीही तेच म्हणणार होतात, खरं सांगा. पण घाई नको. तळहात मांडीखाली दाबून ठेवा आणि बसा जरा.

तिकडं पहिलीत एका चिमुरड्याला मास्तरांनी ‘एकवीस’ लिहायला सांगितलंय. त्यानं जीभ बाहेर काढून, पाटीवर नाक टेकवून, सावकाश लिहिलंय: १२. एक आधी ऐकलं, एक आधी लिहिलं. वीसमधला दोन मागाहून ऐकला, मागाहून लिहिला. त्यानं कानाशी पूर्ण इमान राखलंय. त्यालाही छडी.

हा बारा-एकवीसचा घोळ त्या पोरावर संपत नाही. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं, त्यात संख्या ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशाही वाचून दाखवल्या होत्या. तेव्हा काय धुरळा उडाला होता, आठवतंय ना? विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, घरोघरी लोकांनी आपल्या वयाची चेष्टा करून घेतली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिलेत; लहान मुलं जोडाक्षरांना अडखळतात, उलटं बोलून सुलटं लिहिताना गोंधळतात, त्यांना एक हात द्यावा एवढंच. मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या या बाईंना पोरं नेमकी कुठं अडतात ते ठाऊक होतं. ऐकायला फार कुणाला सवड नव्हती. ज्यांच्या पाटीवर कधीतरी १२ उमटला होता तेच मोठे होऊन सगळ्यात जास्त हसत होते, असा माझा दाट संशय आहे.

असो. मास्तरांनी टेबलावर छडी आपटलीय. खोली गप्प. कोटाच्या खिशातून ते एक रुमाल काढतात, रुमालातून कागदाची पुडी, पुडीतून एक नाणं. नवा पैसा! तो चलनात येऊन थोडेच दिवस झालेत, शिनोलीत तर हा पहिलाच असावा. तो हातोहात फिरतोय. तुमच्याकडं येईपर्यंत घामानं ओला आणि कोमट झालेला. केवढासा! तांबूस, करंगळीच्या टोकावर मावेल इतका. त्यावर नागरीत कोरलंय की हा रुपयाचा शंभरावा भाग आहे. शेजारी त्याला चावून बघतो, मग स्वतःच्या करदोट्यात ओवलेल्या जुन्या भोकाच्या पैशाशी ताडून बघतो आणि निकाल देतो: “ह्याला भोकच न्हाई. ववायचा कसा?”

मास्तर फळ्यावर कोष्टक लिहिताहेत. सरकारी छापील कागदावरून, एकेक ओळ ताडून. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे. दोन आणे, बारा. तीन आणे, एकोणीस. चार आणे, पंचवीस.

मागून एक बारीक आवाज: “गुर्जी, सायत्रिक अठरा.”

मास्तर कागदाकडं बघतात, फळ्याकडं बघतात. “कोष्टकात एकोणीस आहे.”

“पन गुर्जी—”

“कोष्टकात आहे तसं लिहा.”

ऐकलंत? ‘पाडाच हाय तसा’ म्हणणारं पोर आणि हे ट्रेंड मास्तर यांच्यात आता फक्त एका छडीचं अंतर आहे. नवी पद्धत शाळेत येऊन अजून तासही झालेला नाही आणि तिची घोकंपट्टी सुरूही झाली.

खिडकीत एक म्हातारबा कधीपासून टेकलेत. डोक्याला मुंडासं, हातात चिलीम. बैल पाण्यावर नेता नेता थांबलेत. त्यांना ही सगळी भानगड समजून घ्यायचीय.

“मास्तर, रुपयाचं आणं किती?”

“आता आणे नाहीत बाबा. शंभर पैसे.”

“सोळ्याचं शंबर झालं? मंग पाव रुपया?”

“पंचवीस.”

“पावाचा निम्मा?”

मास्तर थांबतात. “साडेबारा.”

“साडेबाऱ्याचं नाणं हाय का?”

नाही. म्हातारबा चिलमीवर एक झुरका घेतात. त्यांनी काही सिद्ध केल्याचा आव आणलेला नाही, पण मुद्दा त्यांनी अचूक पकडलाय. सोळा आण्यांचा रुपया निम्मा करत जा: आठ आणे, चार आणे, दोन आणे, आणा. आण्याचाही निम्मा, त्याचाही निम्मा, म्हणजे एक पैसा. रुपयात चौसष्ट पैसे, आणि सहा वेळा निम्मं केलं तरी हातात अख्खं नाणं. शेराचंही तेच: शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. चार शेरांची पायली. अशा जगात पाव, अर्धा, पाऊण ही अख्ख्या आकड्यांइतकीच रोजची माणसं. म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. त्यांच्यासाठी लिहिण्याच्या खुणाही सुटसुटीत: पावाला एक उभा दंड, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. शंभराला दोनदा निम्मं केलं की तिसऱ्यांदा तुकडा मोडतो. दहाच्या पटीत मात्र शंभर कसा सरळ चालतो! मास्तर आज तेच शिकवणार आहेत, टिंब देऊन. ‘१.५’ असं लिहून त्यांनी विचारलं, हे किती? अर्ध्या वर्गानं सांगितलं, एक रुपया पाच पैसे. पन्नास का, ते समजावण्यात उरलेला तास गेला, आणि तकलीवर सूत काढायचा तास राहूनच गेला. तकल्या कोपऱ्यात टोपलीत पडून राहिल्या. सूत काढता काढता तार मोजायच्या, एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी; त्यातूनच गणित यावं असा त्या तासाचा बेत. बेत चांगला होता. आज मात्र टिंबानं त्याला खाल्लं.

शाळा सुटली. पळा, आज घोडेगावला बाजार आहे.

रस्ता तापलाय. सावलीसावलीनं चाला. शेजारीही बरोबर आहे, त्याच्या मुठीत एक आणा. कातरलेल्या कडांचा, बैलाच्या चित्राचा. तो त्याला आजीनं दिलाय आणि वाटेत सात वेळा मूठ उघडून त्यानं तो बघितलाय. बैलगाड्यांची रांग लागलीय, चाकांचं करकरणं, चाळांचे आवाज, धुळीचा पडदा. दात एकमेकांवर घासा, रेती लागेल. वाटेत डोंगरातून आलेल्या बायका भेटतात, मध्यरात्री निघालेल्या, डोक्यावर पाट्या, पायांत काही नाही. महादेव कोळ्यांच्या वाड्यांवरून त्या बाळहिरडा घेऊन आल्यात. पाटीतून एक हिरडा पडला तर उचला आणि तोंडात टाका. टाकलात? जीभ टाळ्याला चिकटली, गाल आत ओढले गेले, बोलता येईना. बरं झालं. जरा वेळ नुसतं बघा.

बाजार डोळ्यांआधी नाकाला लागतो. सुकट आणि बोंबील, त्यावर लाल मिरचीचा खकाणा, मधेच गुळाच्या ढेपेचा गोड दर्प, घोंगड्यांचा लोकरीचा वास, कातड्याचा, रॉकेलचा. एवढ्या माणसांच्या घामाचा एक वेगळाच वास असतो, आणि बारा वाजता सगळं मिळून एकच होतं. कुणी तुमच्या पायावर पाय दिला, कुणाची पाटी कानाला घासून गेली. एक शेळी तुमची बाही चघळतेय. “सोड! सोड!” पलीकडं एक बाई मडकं वाजवून बघतेय. वाजवल्यावर आवाज बद्द आला की खाली ठेवते, दुसरं उचलते. एवढ्या कालव्यात तिला तो आवाज ऐकू कसा येतो?

गोळ्यावाल्यापाशी शेजारी थांबलाय. लाल, पिवळ्या, हिरव्या गोळ्या, बरणीच्या काचेला चिकटलेल्या, आणि माश्या. आत्तापर्यंत गोळी पैशाला एक मिळायची. आज पाटीवर खडूनं नवा भाव लिहिलाय: एक गोळी, दोन नवे पैसे. चार गोळ्या, सहा.

शेजारी बघत राहतो. ओठ हलताहेत. दोन चोक आठ. मग सहा कसे? तो बोटं मोडतो, परत मोडतो. जुना पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून कणभर जास्त. तो कण अर्ध्यावर गेला म्हणून दोन. चार जुने पैसे म्हणजे आणा, सव्वासहा. पाव सोडून दिला म्हणून सहा. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि त्याला ते शब्दांत मांडताही येणार नाही. पण त्यानं काय केलं बघा: बरणीपाशी एकेक नवा दुपैसा घेऊन घुटमळणाऱ्या तीन पोरांना गोळा केलं, दोघांत कुजबूज झाली, भांडण झालं, तिघांकडून दोन-दोन घेतले, सहा नवे पैसे गोळ्यावाल्याच्या हातावर टेकवले आणि चार गोळ्या घेतल्या. तिघांना एकेक. चौथी त्याच्या गालात. आणा अजून मुठीतच आहे.

सकाळी याला औट म्हणजे काय ते सांगता आलं नव्हतं.

आता त्या हिरड्याच्या दुकानाशी चला, तिथं गर्दी दिसतेय. व्यापारी गादीवर बसलाय, पुढं तागडी. समोर एक म्हातारी उकिडवी बसलीय, मघाशी वाटेत दिसलेल्यांपैकी एक. भाव ठरलाय साडेतीन आणे शेर. माप सुरू झालंय. दोन शेरांचं वजन एका पारड्यात, हिरडा दुसऱ्यात. पारडं खाली आलं की नोकर ते पोत्यात उलटं करतो, आणि तेवढ्यात म्हातारी आपल्या पाटीतला एक हिरडा उचलून पदरावर ठेवते. परत माप, परत एक हिरडा. तिसरं माप, तिसरा हिरडा. उरला दीड शेर.

“साडेसात शेर,” व्यापारी म्हणतो, आणि श्वासही न घेता, “सात औट साडेचोवीस, अर्ध्याचे पावणेदोन, एक रुपया दहा आणे. घे आजे.”

तुमच्या शेजाऱ्याच्या गालातली गोळी थांबलीय. “सात औट!” तो एकदम ओरडतो. “साडेचोवीस! आमच्या साळंत हाय!” त्याला झालेला आनंद बघा. रोज म्हणतो तो पाढा गादीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून, खऱ्या हिरड्याला, खऱ्या पैशाला लावलेला त्यानं पहिल्यांदाच ऐकला. औट म्हणजे काय ते त्याला आत्ता कळलं. पाढा कुणी तरी कधी तरी या गादीसाठीच बांधला होता. शाळेत येता येता त्याच्या मागची तागडी गळून पडली आणि नुसती चाल उरली. ती चाल मारून शिकवणाऱ्यांचा मला राग आहे, आणि ती चालच नको म्हणणाऱ्यांनी ही गादी कधी बघितली होती का, असाही प्रश्न आहे.

पण शेजारी आनंदात असताना तुम्ही बेरीज केलीत का? साडेचोवीस आणि पावणेदोन म्हणजे सव्वासव्वीस. सव्वासव्वीस आणे म्हणजे एक रुपया, दहा आणे आणि वर एक पैसा. तो पैसा कुठं गेला? व्यापाऱ्याला औटकी तुमच्याहून चांगली येते, म्हणूनच ती म्हणता म्हणता त्याला एक पैसा गिळता येतो.

मास्तरही गर्दीत आहेत. त्यांनी ऐकलंय. ते पुढं होऊन नव्या पद्धतीनं हिशेब मांडताहेत, हाताच्या तळव्यावर बोटानं. साडेतीन आणे म्हणजे बावीस नवे पैसे. बावीस गुणिले साडेसात, एकशे पासष्ट. व्यापारी हसतो. “मास्तर, आधी आण्यांत करा, मागनं पैशांत आणा. एकशे चौसष्ट.” दोन्ही हिशेब बरोबर आहेत. आधी तुकडा टाकला तर एक उत्तर, शेवटी टाकला तर दुसरं. मास्तरांच्या कपाळावर घाम. हे कोष्टकात नाही.

आणि म्हातारी? तिच्यापर्यंत यातलं काही पोचलेलंच नाही. ती पदरावरच्या तीन हिरड्यांना बोट लावतेय. “दोन शेराचं सात आणं. ह्ये सात, ह्ये सात, ह्ये सात. ईस नि येक.” मग बोटाच्या पेरांवर दीड शेराचे सव्वापाच. “ईस नि सव्वासा. रुपाया, धा आणं, वर पैसा.” आणि हात पुढं करून थांबते. आवाज चढवलेला नाही. हात मात्र मागं घेत नाही.

ईस नि एक. मघाशी पहिलीतल्या पोरानं याच संख्येसाठी मार खाल्ला. हे ‘वीस एक’ तिला कुठल्या समितीनं शिकवलेलं नाही. डोंगरातल्या वाड्यांवर, विसाविसांच्या ढिगांत मोजणाऱ्या माणसांत ते आधीपासूनच आहे. आणि आणखी मागं जायची हौस असेल तर इथून जुन्नर ओलांडून नाणेघाटात जा. सातवाहनांच्या लेणीत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात, यज्ञांत दिलेल्या गाईंचे आणि नाण्यांचे आकडे कोरलेत. तिथं शून्य नाही, जागेवरून किंमत बदलणं नाही. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी, आणि त्या शेजारी शेजारी मांडल्या की झाली संख्या. म्हातारीला तो लेख वाचता आला नसता, पण मांडणी तिला लगेच पटली असती.

तिचे ते तीन हिरडे लक्षात ठेवा. याच सुमाराला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून आपलं बालशिक्षणाचं काम घेऊन कोसबाडच्या टेकडीवर आल्या. तिथं आदिवासी मुलं पानं, बिया, खडे मांडून मोजायला शिकली आणि लोक लांबून ते बघायला गेले. घोडेगावच्या बाजारात हे बघायला कुणी येत नाही. इथं बघे आहेत ते पैसा मिळतो की नाही, यासाठी.

मिळाला. व्यापाऱ्यानं गल्ल्यातून घोड्याचं चित्र असलेला जुना पैसा काढून तिच्या हातावर टाकला. म्हातारीनं तो कनवटीला लावला, तिन्ही हिरडे परत पाटीत टाकले आणि मीठ घ्यायला गेली.

ऊन आता डोक्यावरून उतरलंय. तुमच्या पायांच्या तळव्यांना फोड आलेत. चालत परत जायचं नको वाटतंय ना? मास्तर एसटीनं निघालेत, त्यांच्या मागं चढा. पोरांना ते बरोबर घेतात. आत भट्टी आहे. पत्रा हात लावू देत नाही, कुणाच्या पिशवीतल्या बोंबलांचा वास, कुणाच्या मांडीवर कोंबडी, तिचे पाय बांधलेले, डोळे तुमच्यावर रोखलेले. कंडक्टर वाट काढत येतोय.

“शिनोली? तीन आणे.”

मास्तर मुद्दाम सुटे नवे पैसे काढतात. गावात कुणीतरी सुरुवात करायला हवी ना! मोजून अठरा त्याच्या हातावर ठेवतात.

“एकोणीस, गुरुजी.”

“साही त्रिक अठरा.”

“कोष्टकात एकोणीस आहे,” कंडक्टर म्हणतो, आणि खिशातून तोच छापील कागद काढतो.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तुम्हीच असाल. शेजाऱ्याच्या गालातली गोळी संपलीय, त्यामुळं त्याचं तोंड मोकळं आहे. “कंडक्टर, गुर्जींना येक-येक आण्याची तीन तिकिटं द्या की! सा, सा, सा. अठरा!” आता सगळी गाडी या हिशेबात उतरलीय. एक म्हणतो, बरोबर आहे पोराचं. दुसरा म्हणतो, मग पुढच्या थांब्याला उतरून परत चढायला लागेल. तिसरा म्हणतो, जुने तीन आणे द्या आणि भांडण मिटवा. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. मागून कुणीतरी ओरडतं, “आवं, सोडा गाडी, त्यो येक नवा पैसा मी देतो!” पण मास्तर खाली बसायला तयार नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून खडूचा तुकडा काढलाय, आण्याला सव्वासहा धरलेत, तीन सव्वासहा पावणेएकोणीस असं पुटपुटत पुढच्या बाकाच्या तापलेल्या पत्र्यावर अठरा लिहिलेत, आणि त्यापुढं टिंब न देता एक उभा दंड, दुसरा, तिसरा.